वॉल्टर डँडी

वॉल्टर एडवर्ड डँडी (जन्म: ६ एप्रिल १८८६, सेडेलिया, मिसूरी, मृत्यू: १९ एप्रिल १९४६, बाल्टिमोर, मेरीलँड) हे अमेरिकन मेंदूशल्यविशारद आणि वैद्यकीय संशोधक होते. अर्भकांची डोकी अवाजवी मोठी होत जाणाऱ्या जलशीर्ष या विकाराची कारणमीमांसा त्यांनी प्रयोगाने मांडली. त्याच्या शस्त्रक्रियेचे पहिले सुसंगत प्रयत्नही त्यांनीच केले. मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून त्यांचे क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत त्यांनी १९१८ साली शोधली. सीटी स्कॅन येईपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धशतकभर, जगभरातील रुग्णालये या पद्धतीवर विसंबून होती. मेंदूतील धमनीच्या फुग्याच्या मुळाशी चिमटा बसवून तो बंद करण्याची पहिली शस्त्रक्रियाही त्यांच्याच नावावर आहे. त्यांची सारी कारकीर्द बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली.

जन्म आणि शिक्षण

डँडी हे आईवडिलांचे एकुलते एक अपत्य होते. वडील जॉन डँडी इंग्लंडमधील बॅरो-इन-फर्नेसहून, तर आई रेचेल किलपॅट्रिक आयर्लंडमधील आर्माहून अमेरिकेत आली होती. वडील मिसूरी-कॅन्सस-टेक्सास रेल्वेवर इंजिनचालक होते. घरातील वातावरण धार्मिक होते आणि राहणी साधी होती. शाळेत पहिला क्रमांक मिळवून ते १९०३ साली उत्तीर्ण झाले व मिसूरी विद्यापीठात दाखल झाले. तेथे प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांचे मन रमले. १९०७ साली पदवी मिळाल्यावर त्यांना जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय विद्यालयात थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला, कारण पहिल्या वर्षाचे बरेच विषय मिसूरीतच पूर्ण झाले होते.

विद्यार्थी असतानाच त्यांनी सुमारे दोन मिलिमीटर लांबीच्या मानवी भ्रूणाचे सूक्ष्म वर्णन करणारा निबंध लिहिला. तो १९१० साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी, वयाच्या २४व्या वर्षी, ते डॉक्टर झाले. पुढील एक वर्ष त्यांनी हंटेरियन प्रयोगशाळेत हार्वी कुशिंग यांच्या हाताखाली काढले. तेथे एमिल गेट्श यांच्यासह त्यांनी पोष ग्रंथीच्या रक्तपुरवठ्याचा अभ्यास केला. प्राण्यांवरील बारीक शस्त्रक्रियेत त्यांचा हात येथेच तयार झाला.

कुशिंग यांच्याशी बेबनाव

हार्वी कुशिंग हे त्या वेळी अमेरिकेतील मेंदूशल्यविद्येचे अग्रणी होते. १९११-१२ या वर्षात डँडी त्यांचे रुग्णालयातील साहाय्यक होते. दोघेही हट्टी, कामाला वाघ आणि टीकेच्या बाबतीत हळवे होते, त्यामुळे खटके उडू लागले. १९१२ साली कुशिंग बोस्टनला नव्या रुग्णालयात जाण्यास निघाले. आपणही त्यांच्यासोबत जाणार, अशी डँडी यांची समजूत होती. निघण्याच्या थोडे आधी कुशिंग यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. हॉपकिन्समध्येही त्यांच्यासाठी जागा राखलेली नव्हती. शल्यविभागाचे प्रमुख विल्यम हॉल्स्टेड तेव्हा परदेशी होते. रुग्णालयाच्या प्रशासनाने दयाबुद्धीने त्यांना खोली वापरू दिली आणि हातात नेमके काम नसलेल्या त्या काळात डँडी यांनी बालरोगतज्ज्ञ केनेथ ब्लॅकफॅन यांच्यासह एका जुन्या कोड्याला हात घातला. ज्या प्रश्नाने त्यांचे नाव झाले, तो अशा बेकारीतून त्यांच्या वाट्याला आला.

जलशीर्षाचे कोडे

नवजात अर्भकाची कवटी एकसंध नसते. तिची हाडे शिवणींनी जोडलेली असतात आणि माथ्यावरची टाळू भरायला वर्ष-दीड वर्ष लागते. त्यामुळे कवटीच्या आत दाब वाढला तर प्रौढ माणसाप्रमाणे मेंदू लगेच चेपला जात नाही, तर डोकेच फुगत जाते. जलशीर्षात हेच घडते. टाळू ताणून वर येते, शिवणी फाकतात, कपाळ पुढे येते, कवटीवरच्या शिरा तटतटून दिसू लागतात आणि नजर खाली ढळते. मेंदूतील पोकळ्यांत साचलेल्या द्रवाने मेंदूचे आवरण कागदासारखे पातळ होत जाते. हिप्पोक्रेटिसच्या काळापासून हा विकार वैद्यांना ठाऊक होता, परंतु तो का होतो हे मात्र कोणी खात्रीने सांगू शकत नव्हते. डोके पट्ट्यांनी आवळणे, टाळूतून सुई घालून पाणी काढणे, औषधे टोचणे असे उपाय होत. सुईने काढलेले पाणी काही दिवसांत पुन्हा भरे, आणि पुष्कळदा त्या सुईवाटे जंतुसंसर्ग होऊन मूल दगावे. कुशिंग यांनी कमरेच्या मणक्यातून चांदीची नळी घालून हा द्रव पोटाच्या बाजूस वळवण्याचा प्रयत्न केला होता, पण तो टिकला नाही.

द्रव कोठे तयार होतो, कोणत्या वाटेने जातो आणि कोठे शोषला जातो, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय शस्त्रक्रिया कोठे करायची हे ठरणार नाही, असे डँडी व ब्लॅकफॅन यांनी धरले. कुत्र्यांच्या मेंदूत चौथ्या पोकळीच्या बाजूने शिरून सिल्व्हियसच्या अरुंद नलिकेत त्यांनी जिलेटिनच्या कुपीत ठेवलेला कापसाचा लहानसा बोळा बसवला. जिलेटिन विरघळले, कापूस फुगला आणि नलिका बंद झाली. काही आठवड्यांत नलिकेच्या वरच्या पोकळ्या विस्तारल्या आणि कुत्र्याला जलशीर्ष झाले. द्रव पोकळ्यांच्या आतच तयार होतो आणि त्याची वाट अडली की तो मागे साचतो, हे यावरून दिसून आले. मेंदूच्या देठाभोवती पट्टी आवळून बाहेरील मार्ग बंद केल्यावरही विकार होतो, हे त्यांनी पुढे दाखवले.

रुग्णांसाठी त्यांनी एक सोपी चाचणी बसवली. मुलाच्या मेंदूतील पोकळीत निरुपद्रवी रंगद्रव्य सोडायचे आणि कमरेच्या मणक्यांतून काढलेल्या द्रवात ते येते का ते पाहायचे. निरोगी मुलात ते काही मिनिटांत उतरते. ते खाली आलेच नाही, तर वाट आतच अडली आहे. ते खाली आले पण लघवीतून फारच कमी बाहेर पडले, तर वाट मोकळी असून शोषणात दोष आहे. पहिल्या प्रकाराला अवरोधी आणि दुसऱ्याला संपर्की जलशीर्ष म्हणतात. १९१३ व १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांतील हे वर्गीकरण थोड्याफार फरकाने आजही वापरात आहे. त्या वेळी डँडी २७ वर्षांचे होते. हॉल्स्टेड हे स्तुतीच्या बाबतीत हात आखडता घेणारे गृहस्थ होते, तरी या कामाची त्यांनी मनापासून वाखाणणी केली आणि डँडी यांचे हॉपकिन्समधील स्थान पक्के झाले.

याच निबंधात चौथ्या पोकळीची बाहेर पडण्याची छिद्रे जन्मतः बंद असलेल्या एका मुलाचे वर्णन होते. १९४२ साली अर्ल वॉकर यांनी एका सहकाऱ्यासह असेच रुग्ण नोंदवले आणि १९५४ साली या विकृतीला डँडी-वॉकर हे नाव मिळाले.

हवेचे चित्र

प्रकार कळला तरी अडथळ्याची नेमकी जागा समजत नव्हती. साध्या क्ष-किरण चित्रात कवटीचे हाड दिसे, आतला मेंदू दिसत नसे. मेंदूतील गाठीत चुना साचला असेल तरच तिची सावली उमटे आणि असे रुग्ण थोडेच असत. पोकळ्यांत क्ष-किरण अडवणारे एखादे द्रावण भरावे, म्हणून डँडी यांनी थोरियम, आयोडाइड, बिस्मथ यांची निरनिराळी द्रावणे प्राण्यांवर वापरून पाहिली. मेंदूला ती सर्व विषारी ठरली.

उत्तर उलट बाजूने आले. आतड्यातील वायूमुळे पोटाच्या चित्रात आजूबाजूचे अवयव उठून दिसतात, याकडे हॉल्स्टेड वारंवार लक्ष वेधत असत. कवटीला तडा गेलेल्या एका जखमीच्या मेंदूत हवा शिरून पोकळ्या आपोआप चित्रात उमटल्याचे वृत्त १९१३ साली एका शल्यचिकित्सकाने प्रसिद्ध केले होते. क्ष-किरणांना अडवणारा पदार्थ भरण्याऐवजी त्यांना सहज जाऊ देणारी हवा भरली तर पोकळ्या काळ्या आकृतीसारख्या दिसतील, हे डँडी यांनी हेरले. अर्भकांच्या बाबतीत कवटीला छिद्र पाडण्याचीही गरज नव्हती. टाळूतून सुई आत जाई, थोडा द्रव बाहेर काढला जाई आणि तेवढीच हवा आत सोडली जाई. पुन्हा थोडा द्रव, पुन्हा तेवढी हवा. मोठ्या मुलांच्या कवटीत लहान छिद्र पाडावे लागे. १९१८ सालच्या निबंधात सहा महिने ते बारा वर्षे वयाच्या मुलांवर केलेल्या वीस चित्रणांचा वृत्तान्त आहे. मेंदूशल्यविद्येतील एका मोठ्या शोधाची पहिली चाचणी अशा प्रकारे मुलांवर झाली, आणि ती शक्य झाली त्यांच्या न भरलेल्या टाळूमुळे.

पुढील वर्षी त्यांनी कमरेतून हवा सोडून मेंदूच्या बाहेरील पृष्ठभागाचे चित्रणही केले. आता गाठ मेंदूच्या कोणत्या भागात आहे हे कवटी उघडण्याआधी कळू लागले. त्याआधी पुष्कळ रुग्णांची कवटी केवळ अंदाजाने उघडली जाई आणि गाठ न सापडताच मिटली जाई. ही तपासणी मात्र रुग्णाला सुखाची नव्हती. तीव्र डोकेदुखी व उलट्या हमखास होत आणि दाब आधीच वाढलेला असेल तर जिवाला धोका असे. कुशिंग यांनी तिच्याकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले. त्यांची भीती अगदी निराधार नव्हती, कारण कमी अनुभवी हातांत पद्धतीचा दुरुपयोग होऊ शकत होता. १९३३ साली या शोधाबद्दल डँडी यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचवले गेले, परंतु पारितोषिक त्यांना मिळाले नाही.

चार अर्भके

चित्रणाचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी डँडी यांनी संपर्की जलशीर्षावरील शस्त्रक्रिया जाहीर केली. पोकळ्यांच्या आत रक्तवाहिन्यांचे झालरीसारखे कोरॉइड जाळे असते आणि द्रव त्यातून पाझरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. शोषण वाढवता येत नसेल तर उत्पादन कमी करावे, म्हणून दोन्ही बाजूंच्या पोकळ्या उघडून ते जाळेच काढून टाकायचे, अशी ही योजना होती. पोकळीतील सर्व द्रव काढल्यावर पातळ झालेला मेंदू कोसळू नये म्हणून फार जपून काम करावे लागे. चार अर्भकांवर ही शस्त्रक्रिया झाली. त्यांपैकी तीन काही आठवड्यांत दगावली. चौथे जगले आणि निबंध लिहिला गेला तेव्हा, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, त्याचे डोके वाढण्याचे थांबले होते.

आजच्या नियमांच्या चौकटीत असा वृत्तान्त वाचताना अस्वस्थ वाटते. त्या काळची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. या विकाराने वेगाने डोके वाढत असलेली अर्भके उपचाराशिवाय क्वचितच जगत, आणि जगलीच तर बहुधा अंध व मतिमंद होत. डँडी यांनी तीन मृत्यू दडवले नाहीत, ते निबंधात जसेच्या तसे मांडले. त्यांच्या सिद्धांताचा एक पाया मात्र कच्चा होता. जाळे काढलेली पोकळी वाट बंद असूनही विस्तारत नाही, हा त्यांचा गाजलेला पुरावा प्रामुख्याने एकाच कुत्र्यावरील प्रयोगाचा होता आणि इतरांना तो तसाच पुन्हा करून दाखवता आला नाही. जाळे काढल्यावरही द्रवाची निर्मिती पूर्ण थांबत नाही, हे १९७०च्या दशकातील संशोधनाने सिद्ध झाले.

अवरोधी प्रकारासाठी त्यांनी वेगळ्या वाटा शोधल्या. १९२० साली सिल्व्हियसची नलिका अरुंद झालेल्या दोन मुलांत ती सरळ रुंदावून तीत काही काळ रबरी नळी ठेवण्याचा प्रयोग त्यांनी नोंदवला. १९२२ साली त्यांनी तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून अडलेल्या द्रवाला बाहेरची वाट करून दिली. कपाळाच्या बाजूने तेथवर पोहोचताना सुरुवातीला एका डोळ्याची दृष्टितंत्रिका कापावी लागे. जिवाच्या बदल्यात एका डोळ्याचा हा सौदा त्यांनाही खटकत असावा, कारण पुढे त्यांनी कानशिलाच्या बाजूने जाणारा मार्ग स्वीकारला आणि दृष्टितंत्रिका वाचू लागली.

त्याच वर्षी त्यांनी मूत्रमार्ग तपासण्याची दुर्बीण मेंदूच्या पोकळीत घालून आतील भाग पाहिला आणि तिच्या साहाय्याने कोरॉइड जाळे काढण्याचाही प्रयत्न केला. साधने ओबडधोबड होती, प्रकाश अपुरा होता आणि यश बेताचेच आले. १९२३ साली बोस्टनचे विल्यम मिक्स्टर यांनी अशाच दुर्बिणीतून एका नऊ महिन्यांच्या मुलीच्या तिसऱ्या पोकळीला छिद्र पाडले आणि ती बरी झाली. दुर्बिणीद्वारे होणारी ही शस्त्रक्रिया आज जगभर केली जाते.

कवटीच्या शिवणी वेळेआधी हाडाने बुजून डोके होडीसारखे लांबट होण्याच्या विकाराकडेही डँडी यांचे लक्ष गेले. त्यावरील शस्त्रक्रियेविषयी त्यांचा निबंध १९४३ साली प्रसिद्ध झाला. जलशीर्षात कवटी गरजेपेक्षा अधिक फाकते, तर येथे ती फाकायलाच तयार नसते.

इतर शस्त्रक्रिया

कानाच्या तंत्रिकेवरील गाठ पूर्णपणे काढण्याचे तंत्र त्यांनी विकसित केले. कुशिंग अशा गाठीचा केवळ आतला भाग कोरून काढत, कारण तेवढ्यावर थांबल्याने मृत्यूंचे प्रमाण त्यांनी बरेच खाली आणले होते. परंतु उरलेली गाठ पुन्हा वाढे. डँडी यांनी १९२२ साली आपल्या पूर्ण उच्छेदनाचे संक्षिप्त टिपण प्रसिद्ध केले आणि त्यात कुशिंग यांच्या कामाचा उल्लेख केला नाही. कुशिंग यांनी संतप्त पत्र पाठवले. डँडी यांनीही नमते घेतले नाही. आधीच ताणलेले संबंध यानंतर कधीच सुधारले नाहीत. ही कटुता दोघांच्या शिष्यांतही उतरली, आणि अमेरिकेतील मेंदूशल्यविद्येत बाल्टिमोर व बोस्टन असे दोन पंथ काही काळ नांदले. टिपणात उल्लेख टाळणे ही डँडी यांची चूक होती, परंतु गाठीच्या बाबतीत काळाने कौल त्यांच्या बाजूने दिला.

चेहऱ्याच्या असह्य कळांवर पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेचा छेद लहान मेंदूच्या बाजूने घेण्याची पद्धत त्यांनी १९२५ साली मांडली. असे करताना त्या तंत्रिकेवर रक्तवाहिनीचा दाब पडलेला त्यांना वारंवार दिसला आणि कळांचे कारण तेच असावे असे त्यांनी सुचवले. हा विचार कित्येक दशकांनी मान्य झाला. १९२८ साली मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाचे संपूर्ण उच्छेदन त्यांनी नोंदवले. १९२९ साली मणक्यांमधील चकतीचा सुटलेला तुकडा मज्जारज्जूवर दाब आणतो, हे त्यांनी दोन रुग्णांवरून दाखवले. या शोधाचे श्रेय मात्र पाच वर्षांनी निबंध लिहिणाऱ्या मिक्स्टर व बार यांच्याकडेच बहुधा जाते.

२३ मार्च १९३७ रोजी त्यांनी एका ४३ वर्षांच्या पुरुषाच्या मेंदूतील धमनीवरचा फुगा उघडा केला आणि त्याच्या मानेवर चांदीचा चिमटा बसवला. फुगा आकसला आणि रुग्ण बरा होऊन घरी गेला. धमनी शाबूत ठेवून फक्त फुगा बंद करण्याची ही पहिली नियोजित शस्त्रक्रिया होय. चांदीचा चिमटा ही मुळात कुशिंग यांची कल्पना होती, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. या विषयावरील डँडी यांचा ग्रंथ १९४४ साली आला.

कार्यपद्धती आणि स्वभाव

ऐन भराच्या काळात डँडी वर्षाला सुमारे एक हजार शस्त्रक्रिया करत. एवढे काम एकट्याने होणारे नव्हते. त्यासाठी त्यांनी निवासी डॉक्टर, परिचारिका, भूल देणारे आणि चिटणीस यांचा एक कायमचा चमू उभारला. रुग्णालयात तो मेंदूचा चमू म्हणूनच ओळखला जाई. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही तासांत रुग्ण सर्वाधिक धोक्यात असतो, हे ओळखून १९२३ साली त्यांनी तीन खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू केला आणि तेथे खास शिकवलेल्या परिचारिका रात्रंदिवस ठेवल्या. आजच्या अतिदक्षता विभागांचा आरंभ पुष्कळ जण येथून मानतात.

शस्त्रक्रियागृहात ते शीघ्रकोपी होते. वेग हा त्यांचा विशेष होता आणि मंद हालचाल त्यांना खपत नसे. त्यांच्या हाताखाली टिकणे निवासी डॉक्टरांना कठीण जाई. दुसरीकडे शिक्षक, धर्मोपदेशक, वैद्यकीय व्यावसायिक आणि गरीब रुग्ण यांच्याकडून ते पैसे घेत नसत, आणि क्वचित रुग्णालाच पदरचे पैसे देत. घरी ते अगदी वेगळे होते. १९२४ साली त्यांचा विवाह सेडी मार्टिन यांच्याशी झाला. त्यांना चार अपत्ये झाली, आणि संध्याकाळी मुलांत रमणारे वडील अशीच त्यांची आठवण घरच्यांनी जपली. त्यांच्या एका कन्येने लिहिलेले चरित्र २००२ साली प्रसिद्ध झाले.

नामवंत रुग्णांमुळे त्यांचे नाव वर्तमानपत्रांतही झळकले. जुलै १९३७ मध्ये संगीतकार जॉर्ज गर्श्विन लॉस एंजेलिसमध्ये बेशुद्ध पडले, तेव्हा डँडी मेरीलँडच्या गव्हर्नरांच्या नौकेवर होते. त्यांना शोधून आणून विमानाने धाडण्याची व्यवस्था झाली, पण वाटेतच, आता उशीर झाला असल्याचे कळले. पुढच्या वर्षी कादंबरीकार टॉमस वुल्फ यांना त्यांच्याकडे आणले गेले. १२ सप्टेंबर १९३८ रोजी कवटी उघडल्यावर मेंदूभर पसरलेला क्षय दिसला. त्यावर तेव्हा कोणताच उपाय नव्हता आणि तीन दिवसांनी वुल्फ यांचे निधन झाले.

बेसबॉलच्या चेंडूने खेळाडूंच्या डोक्याला होणाऱ्या इजा टाळण्यासाठी टोपीच्या आत बसणाऱ्या हलक्या प्लास्टिकच्या पट्ट्याही त्यांनी एका अस्थिशल्यविशारद सहकाऱ्यासह तयार केल्या. ब्रुकलिन डॉजर्स संघाने १९४१ साली त्या वापरल्या.

लेखन

डँडी यांचे १६०हून अधिक निबंध व पाच ग्रंथ प्रसिद्ध आहेत. मेंदूच्या तिसऱ्या पोकळीतील सौम्य गाठींवरील ग्रंथ १९३३ साली, बाजूच्या पोकळ्यांतील गाठींवरील त्याच्या पुढील वर्षी आणि डोळ्याच्या खोबणीतील गाठींवरील १९४१ साली आला. डीन लुइस यांच्या शल्यविद्येच्या संग्रहासाठी १९३२ साली लिहिलेले मेंदूच्या शल्यविद्येवरचे प्रदीर्घ प्रकरण हे त्यांचे सर्वांत विस्तृत लेखन होय. त्यांची शैली कोरडी व थेट होती. आधीच्या संशोधकांना श्रेय देण्यात ते उदार नव्हते, ही तक्रार त्यांच्या चाहत्यांनीही केली आहे.

मृत्यू

एप्रिल १९४६ मध्ये, साठाव्या वाढदिवसानंतर दोन आठवड्यांच्या आत, हृदयविकाराने डँडी यांचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातच निधन झाले. पाइक्सव्हिल येथील ड्रुइड रिज दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. हॉपकिन्समधील मेंदूशल्यविद्येची धुरा १९४७ साली अर्ल वॉकर यांच्याकडे गेली, ज्यांचे नाव डँडी यांच्या नावाशी त्या विकृतीत कायमचे जोडले गेले आहे.

पुढील काळातील उपचार

डँडी यांच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत जलशीर्षाच्या उपचाराने वेगळे वळण घेतले. १९४९ सालापासून झडप बसवलेल्या नळीने मेंदूतील द्रव शरीराच्या दुसऱ्या भागात वळवण्याची पद्धत रूढ होऊ लागली. या विकाराची हजारो मुले त्यामुळे जगली आणि जाळे काढण्याची शस्त्रक्रिया जवळजवळ विस्मरणात गेली. परंतु नळी तुंबते, तीत जंतुसंसर्ग होतो आणि मूल वाढेल तशी ती बदलावी लागते. तातडीने रुग्णालय गाठणे शक्य नसलेल्या देशांत तुंबलेली नळी म्हणजे मृत्यू ठरतो. युगांडातील म्बाले येथील मुलांच्या रुग्णालयात बेंजामिन वॉर्फ यांनी तिसऱ्या पोकळीला दुर्बिणीतून छिद्र पाडणे आणि त्याच वेळी कोरॉइड जाळे जाळणे, या दोन्ही क्रिया एकत्र केल्या आणि त्यांचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध केले. एक वर्षाखालील अर्भकांत केवळ छिद्र पाडण्यापेक्षा या दुहेरी शस्त्रक्रियेला अधिक यश आले व अनेक मुलांना नळीची गरजच उरली नाही. १९१८ व १९२२ साली डँडी यांनी स्वतंत्रपणे हाताळलेल्या दोन कल्पना या शस्त्रक्रियेत एकत्र आलेल्या आहेत.